शांत, गुणी मुलींमधला ऑटिझम: दीड ते तीन वर्षांत काय पाहावं, कसं पाहावं

"लई गुणाची पोरगी. ठेवल्या जागी खेळत बसते, कुणाला तरास नाही." दोन वर्षांच्या मुलीचं असं कौतुक घरोघर ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या काही मुली याच कौतुकाआड राहून जातात. मुलगा हाकेला वळत नसेल, गोल गोल फिरत असेल, गाडी उलटी करून चाकंच फिरवत बसत असेल, तर घरात लवकर कुजबुज सुरू होते. मुलगी कोपऱ्यात तासभर बाहुलीचे केस विंचरत बसली तर ती शहाणी ठरते.

ऑटिझम मुलग्यांमध्ये जास्त आढळतो हे खरं आहे. वर्षानुवर्षं चार मुलग्यांमागे एक मुलगी असं प्रमाण सांगितलं गेलं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं. निदान झालेल्यांचीच मोजदाद न करता सरसकट सगळी मुलं तपासली, तिथं मुलींची संख्या वाढली. म्हणजे काही मुली दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. १९४३ साली लिओ कॅनर यांनी या अवस्थेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्या ११ मुलांत मुली ३ होत्या. पुढं लक्षणांच्या याद्या घडल्या त्या जास्त करून मुलग्यांकडे पाहूनच.

म्हणून मुलीच्या बाबतीत ती वेगळं काय करते हे शोधत बसू नये. या वयात सहज व्हायला हवं असं काय होत नाही, ते पाहावं. त्यातही एका प्रश्नावर लक्ष ठेवा: जे दिसलं, आवडलं, ज्याची भीती वाटली, ते ती दुसऱ्या माणसाला दाखवते का? खाली जे काही सांगितलं आहे ते याच प्रश्नाभोवती फिरतं.

वयाचा हिशेब

९ महिन्यांची मुलगी नावाला वळते आणि तिच्या चेहऱ्यावर हसू, राग, नवल स्पष्ट दिसतं. १२ महिन्यांना टाटा, टाळ्या, 'घे' म्हणून हात वर करणं, 'इथं इथं बस रे मोरा' लावलं की हात पुढं करणं यातलं बरंच काही येतं. १५ महिन्यांना आवडलेली वस्तू आणून दाखवते. १८ महिन्यांना बोट करून लांबचं काहीतरी दाखवते. ते हवं असतं म्हणून नव्हे, फक्त 'बघ ना' म्हणून. २ वर्षांची झाली की कुणी रडलं, कुणाला लागलं तर थबकते आणि त्याच्या तोंडाकडे पाहते. बोलण्याचं म्हणाल तर १२ महिन्यांपर्यंत 'बाबाबा, दादादा' अशी बडबड, १६ महिन्यांपर्यंत अर्थाचे सुटे शब्द आणि २ वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' अशी स्वतःहून जोडलेली दोन शब्दांची वाक्यं अपेक्षित आहेत.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करा. २ वर्षांपर्यंत हा हिशेब धरावा.

मुली सरासरीनं मुलग्यांपेक्षा थोड्या लवकरच बोलतात. त्यामुळं "हिचा बापही उशिराच बोलला होता" ही समजूत मुलीच्या बाबतीत तर अजिबात कामाची नाही.

घरात दोन भाषा असतील, म्हणजे मराठीसोबत गोरमाटी, दखनी किंवा सीमेकडच्या गावांत तेलुगू, कन्नड, तर दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. लेकराची भाषा तोडून एकच ठेवण्याचीही गरज नाही.

घरी पाहणी कशी करायची

लेकराचं पोट भरलेलं असावं, झोप झालेली असावी, ताप-सर्दी नसावी. टीव्ही, मोबाईल बंद. खोलीत एकच मोठं माणूस, पंधरा मिनिटं पुरेत. हे तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा. एका दिवसावरून काही ठरवू नका, कारण दात येताना किंवा पाहुण्यांनी भरलेल्या घरात कुठलंही लेकरू बिथरलेलं असतं.

पहिली गोष्ट हाकेची. ती खेळण्यात रमली की मागून किंवा बाजूनं, चार-पाच हातांवरून, नेहमीच्या आवाजात फक्त नाव घ्या. पाच सेकंद थांबा. पुन्हा घ्या. तिसऱ्यांदा घ्या. बहुतेक घरांत इथंच गडबड होते: हाक मारता मारता आजी टाळ्या वाजवते, आई खांद्याला हात लावते, नाहीतर "चॉकलेट घे" म्हणते. मग लेकरू वळतं आणि सगळे म्हणतात, "बघा, ऐकते की." नुसत्या नावाला वळणं आणि बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजाला वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुड्याला धावते पण नावाला तीनपैकी दोन-तीन वेळा वळत नाही, असं वेगवेगळ्या दिवशी दिसलं तर लिहून ठेवा. पुड्याला धावते म्हणजे कान ठीक आहेत, असंही परस्पर ठरवू नका. त्याचं पुढं येतं.

दुसरी बोटाची. तुम्ही बोट करून लांबचं काहीतरी दाखवा: पंखा, भिंतीवरची पाल, अंगणातलं वासरू. "अगो बघ!" म्हणा. तिची नजर तुमच्या बोटावरच राहते का बोटाच्या दिशेनं जाते? दिशेनं गेली तर परत तुमच्या तोंडाकडे येते का? वासरू, आई, पुन्हा वासरू असा हा नजरेचा फेरा १८ महिन्यांच्या लेकराला सहज जमतो. मग उलट बाजू पाहा. ती स्वतः बोट करते का आणि कशासाठी? फळीवरचा डबा हवा म्हणून बोट करणारी मुलगी विमान दिसल्यावर बोट करत नसेल, तर "बोट करते" एवढ्यावर समाधान मानू नका. मागायला केलेलं बोट आणि दाखवायला केलेलं बोट यांत ऑटिझमच्या दृष्टीनं मोठा फरक आहे, आणि मुलींच्या बाबतीत पहिल्यामुळं दुसऱ्याचा अभाव झाकला जातो.

तिसरी डब्याची. तिच्या आवडीचं काही, चुरमुरे किंवा शेंगदाण्याचा लाडू, आत दिसेल अशा बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि तिच्या हातात द्या. आता तुम्ही काही करू नका. बहुतेक लेकरं खटपट करतात, मग बरणी तुमच्याकडे आणतात, तोंडाकडे बघतात, आवाज करतात. ऑटिझमची शक्यता असलेलं लेकरू तुमचं मनगट धरून हात झाकणावर नेऊन ठेवतं, पण वर तुमच्याकडे बघत नाही. किंवा बरणी टाकून निघून जातं. गप्प मुलींमध्ये हे टाकून जाणं जास्त फसवं ठरतं, कारण त्याला घरात "हट्टी नाही बरं का" असं नाव मिळतं. (शेंगदाणे अख्खे देऊ नका, चार-पाच वर्षांपर्यंत ते घशात अडकण्याचा धोका असतो.)

चौथी बुवा-कुकची, आणि सगळ्यांत जास्त कळतं ते हिच्यातूनच. तिच्यासमोर जमिनीवर बसा. पदर किंवा ओढणी तोंडावर घ्या, "बुवाऽ", काढा, "कुक्!" असं तीनदा करा. ती हसू लागली की चौथ्या वेळी पदर हातात अर्ध्यावर धरून थांबा. चेहरा उघडा ठेवा, हसरा ठेवा, बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. इथं मोठ्यांचा धीर सुटतो आणि चारावर येऊन ते पुन्हा खेळ सुरू करतात. तसं करू नका. बहुतेक लेकरं त्या दहा आकड्यांत काहीतरी करतात: तुमच्या डोळ्यांत बघतात, "ऊं" करतात, पदर ओढतात, स्वतःच्या तोंडावर हात घेतात. म्हणजे खेळ दोघांचा आहे हे त्यांना कळलेलं असतं. खेळताना खदखदून हसणारी मुलगी खेळ थांबल्यावर काहीच न करता बाजूच्या वस्तूकडे वळली, किंवा तिची नजर पदरावरच खिळली आणि तोंडाकडे आलीच नाही, तर ती नोंद महत्त्वाची आहे. हसते म्हणजे खेळते, असं धरून चालू नये.

नजरेबद्दल आणखी एक. "डोळ्यांत बघते, मग ऑटिझम कसा?" असं पुष्कळजण विचारतात, कधी दवाखान्यातही हेच ऐकायला मिळतं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुली नजर देतात. गुदगुल्या करताना बघतात, काही हवं असेल तेव्हा बघतात. दारात कुत्रं अचानक भुंकलं, तेव्हा आधी कुत्र्याकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघून 'घाबरायचं का?' असं विचारणारी नजर आहे का, ते पाहा.

भातुकलीत काय पाहायचं

मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं. मुलग्याची आवड पंख्यात, चाकांत, पाण्याच्या मोटारीत अडकलेली असली की ती डोळ्यांवर येते. मुलीची आवड बाहुली, बांगड्या, टिकल्या, चूल-बोळकी यांत असली की कुणाला नवल वाटत नाही. आवड कशाची आहे यावर जाऊ नका, ती वस्तूंशी काय करते ते बारकाईनं बघा.

बोळकी मांडते आणि मांडून झाली की पुन्हा गोळा करून तशीच मांडते का? मधलं एक बोळकं तुम्ही हळूच सरकवलं तर काय होतं? रंगानं किंवा आकारानं बांगड्यांची ओळ लावून ती मोडली की आकांत करते का? बाहुलीचे केसच विंचरते, डोळ्यांची उघडझापच करत राहते, पण बाहुलीला जेवू घालत नाही, असं आहे का? एखाद वेळी ओळ सगळीच लेकरं लावतात. रोज, तासन्‌तास, दुसरा खेळच नाही, मध्ये कुणी आलेलं चालत नाही, असं असेल तर लक्ष द्या.

पुढची पायरी जरा अवघड आहे. काही मुली बाहुलीला जेवू घालतात, थोपटतात, झोपवतात. बघणारा म्हणतो, कल्पनेचा खेळ उत्तम आहे. पण तो मोठ्या बहिणीचा किंवा मोबाईलवरच्या व्हिडिओचा जसाच्या तसा उतारा असू शकतो. तपासायचं असेल तर गोष्ट बदला. ती बाहुलीला भरवत असताना म्हणा, "अगं, बाहुलीला उलटी झाली! आता?" किंवा रिकामी वाटी कानाला लावून फोनवर बोला, मग तिच्याकडे द्या. दोन-अडीच वर्षांचं लेकरू बहुधा तुमच्या गोष्टीत शिरतं, काहीतरी भर घालतं, निदान तोंडाकडे बघून हसतं. ऑटिझमची शक्यता असलेली मुलगी तुमचा हात बाजूला करून जिथं थांबली होती तिथून तोच क्रम पुन्हा सुरू करते. तुम्ही गोष्ट मोडली याचा तिला त्रास होतो.

दुसऱ्या लेकरांसोबत कशी आहे, तेही पाहा. वाड्यात, गल्लीत सात-आठ पोरी खेळत असतात आणि धाकटीला काखेत घेऊन फिरतात. भातुकलीत तिला "तू बाळ हो" म्हणतात. बाळाला बोलायचं नसतं, उठायचं नसतं, ठरवायचं नसतं. रोज तीच भूमिका मिळत असेल तर मोठ्या पोरी तिची बाजू सांभाळून घेत असू शकतात. अशी मुलगी पोरांच्या घोळक्यात दिसते, म्हणून "मिसळते" असं वाटतं. घोळका उठून दुसऱ्या दाराशी गेला की ती सोबत जाते का, तिथंच बसून राहते, की एकाच मोठ्या मुलीचं बोट धरून तिच्या मागं मागं हिंडते? समवयस्क लेकरासोबत एकटी सोडल्यावर काय करते? पंधरा मिनिटं लांबून बघितलं तरी कळतं.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट झाकली जाते. आजी, काकू, आत्या यांपैकी कुणीतरी लेकरानं मागायच्या आधीच पाणी देतं, भाकरी कुस्करतं, चप्पल घालतं. मागायची वेळच येत नाही, मग मागता येत नाही हे कळणार कसं? दोन दिवस सगळ्यांना सांगून ठेवा: तिनं काही केल्याशिवाय द्यायचं नाही, पाच-सात सेकंद थांबायचं. उपाशी ठेवायचं नाही, रडवायचं नाही, फक्त थांबायचं.

बोलते, तरीही

शब्द पुष्कळ आहेत म्हणून काळजी सोडू नका. शब्द कशासाठी वापरते, ते ऐका. अडीच वर्षांची मुलगी अख्खी आरती, शंभरपर्यंत आकडे, जाहिरातीतली वाक्यं चालीसकट म्हणते, पण तहान लागली तर फ्रिजसमोर उभी राहून रडते. भूक लागल्यावर "भूक लागली का तुला?" असं आईच्याच आवाजात, आईच्याच शब्दांत विचारते, कारण ते वाक्य तिनं अख्खंच्या अख्खं उचललेलं असतं. 'मला' आणि 'तुला' यांची अदलाबदल इतर लेकरांतही थोडी होते, पण तीन वर्षांकडे झुकताना ती जायला हवी. पाठ म्हणून दाखवते, पण "आज काय झालं?" या प्रश्नाला काही नाही, नुसत्या शब्दांनी सांगितलेलं, हातानं न दाखवलेलं काम कळत नाही, आवाज सपाट किंवा एकाच चालीचा आहे. या गोष्टी एकत्र दिसल्या तर लिहा.

आवाज, कपडे, खाणं

कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला डीजे किंवा हलगी यांनी कान झाकून थरथरणं. फ्रॉकच्या शिवणीनं किंवा गळ्यातल्या पट्टीनं कासावीस होणं. डोक्याला तेल, वेणी, न्हाणं यावर रोजचा आकांत. किंवा उलट, कान टोचताना, पडल्यावर, भाजल्यावरही फारसं न रडणं. खाण्यात पांढरा भात आणि कोरडी भाकरी एवढंच, वरणाचा थेंब लागला तर ताट ढकलणं. चवड्यांवर चालणं, डोळ्यांच्या कडेला बोटं नाचवणं, उजेडाकडे तिरपं बघणं. मुलींमध्ये हे कधी अगदी बारीक असतं: हात फडफडवण्याऐवजी केसांची बट बोटाभोवती फिरवत राहणं, पैंजणाचा एकच घुंगरू तासभर चाळणं. यातलं एखाददुसरं पुष्कळ लेकरांत असतं आणि त्यावरून ऑटिझम ठरत नाही. वरच्या खेळांत शंका आली असेल आणि त्यासोबत हेही असेल, तर वजन वाढतं.

थांबायचं नाही अशा खुणा

येत असलेले शब्द, टाटा, हसून बघणं यातलं काहीही *गेलं*, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे जा. मुलींमध्ये याचं एक वेगळं कारण असू शकतं: रेट सिंड्रोम. हा जनुकातल्या बदलानं होतो आणि जवळपास सगळा मुलींमध्येच दिसतो. साधारण ६ ते १८ महिन्यांपर्यंत वाढ बरी वाटते, मग हातांचा उपयोग जाऊ लागतो: वाटी धरणारी, खेळणं उचलणारी मुलगी ते सोडून देते आणि हात धुतल्यासारखे, पिळल्यासारखे एकमेकांवर चोळत राहते. डोक्याचा घेर वाढायचा मंदावतो, चाल अडखळते. त्याचा तपास आणि पुढचा मार्ग वेगळा आहे, म्हणून हातांचं हे लक्षण डॉक्टरांना न विसरता सांगा. झटके येत असतील, एकटक नजर लागून भान हरपत असेल तर तेही लगेच.

दवाखान्यात जाण्याआधी

आधी कान. नावाला न वळणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलीची श्रवण तपासणी व्हायलाच हवी, घरी कितीही ऐकू येतं असं वाटलं तरी. एका पट्टीतला आवाज ऐकू येणं आणि दुसऱ्या पट्टीतला न येणं असंही होतं. ओएई ही कानांची तपासणी काही मिनिटांची असते. बेरा ही कानांची दुसरी तपासणी करायची असेल तर लेकरू गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवा आणि एसटीत, गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथं पोचल्यावर ते टक्क जागं राहतं आणि फेरी वाया जाते.

एम-चॅट-आर ही २० हो-नाही प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या लेकरांसाठी आहे आणि ती विनामूल्य मिळते. आशाताई, अंगणवाडी ताई किंवा डॉक्टरांकडून ती साध्या मराठीत विचारून घ्या. १७ प्रश्नांत 'नाही' हे शंकेचं उत्तर. २, ५ आणि १२ या तीन प्रश्नांत (ऐकू येत नाही असं वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं नाचवते का, रोजच्या आवाजांनी त्रासते का) उलट, 'हो' हे शंकेचं. हे उलटं गणित विसरल्यानं बेरीज चुकते. एकूण ० ते २ आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर त्याच प्रश्नांची खोलात जाऊन पुन्हा विचारणा, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. दुसरी नेहमीची चूक: "एकदा केलं होतं की" म्हणून 'हो' लिहिणं. एखाद-दोनदा केलं पण एरवी करत नाही, तर उत्तर 'नाही'.

ही चाळणी आहे, निदान नाही, आणि मुली तिच्यातून निसटू शकतात. वर पाहिलंच की "बोट करते का?" याला मागण्यासाठी बोट करणाऱ्या मुलीची आईही 'हो' म्हणून जाते. गुण २ आले पण मन मानत नसेल तर २ या आकड्यावर परत फिरू नका. १८ महिन्यांना ठीक वाटलं तरी २४ महिन्यांना पुन्हा करा.

मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. ओपीडीत गर्दी असते आणि अनोळखी खोलीत गप्प मुलगी आणखी गप्प होते. तिथं ती "लाजाळू" एवढंच दिसतं. दोन-दोन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ पुरेत: हाक, बरणी, बुवा-कुकचा थांबा, एकटीचा खेळ, दुसऱ्या लेकरासोबतचा खेळ, जेवण. मोबाईल आडवा धरा, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या, मध्ये मध्ये सूचना देऊ नका. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड आणि एका कागदावर तारखा: पहिला शब्द कधी, किती शब्द, काही गेलं का, बाळंतपणात काही झालं होतं का.

मराठवाड्यात कुठं जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख ताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी नुसतं वजन-उंचीवर न थांबता "बोट करून दाखवत नाही, नावाला वळत नाही" असं नेमकं सांगा. "बोलत नाही" एवढंच सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: बोलेल हळूहळू. पथक जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. पथकाची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात जाऊन या केंद्राची चौकशी करता येते. त्यापुढं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे बालरोग विभाग: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख. धाराशिव, परभणी, हिंगोली, जालन्याच्या लोकांनी आधी जिल्हा रुग्णालय धरावं, जाण्याआधी कान आणि वाचा तपासणारे कोणत्या वारी बसतात ते विचारून जावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दसऱ्याआधीच हे उरकावं. दिवाळी ते उन्हाळा कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत गेला की पथकाची एक फेरी हुकते, आणि दीड वर्षाच्या मुलीसाठी ते सहा महिने फार मोलाचे असतात. कार्ड सोबत न्या. तळाजवळच्या अंगणवाडीत लेकराचं नाव लावता येतं. लेकरू आजीजवळ गावी राहणार असेल तर व्हिडिओ आणि कागद आजीजवळ नव्हे, आशाताईंजवळ ठेवा.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम कळत नाही. निदान वागणं बघून आणि आईबापांशी बोलूनच होतं. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपासही ते करू शकतात. ४० मुद्द्यांची 'इसा' ही भारतीय मोजपट्टी पुढं अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्रानंतर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. थेरपी मात्र या कागदांसाठी थांबवू नका.

जीभ चिकटलेली आहे म्हणून ती कापल्यानं बोलणं सुरू होत नाही. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध नाही. तो जोडणारा १९९८ चा शोधनिबंध त्याच नियतकालिकानं २०१० साली मागं घेतला. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहा.

"तीन वर्षांपर्यंत वाट बघा" म्हणाले तर

हे उत्तर अजूनही मिळतं, मुलीच्या आईला जरा जास्तच. वाद घालू नका. व्हिडिओ दाखवा आणि तीन गोष्टी मागा: कानांच्या तपासणीची चिठ्ठी, वाचा-उपचाराची चिठ्ठी आणि तीन महिन्यांनंतरची फेरतपासणीची तारीख, कार्डावर लिहून. या तिन्हींसाठी निदान लागत नाही. तारीख मिळाली नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

तोवर घरी दिवसातून दोन-तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं जमिनीवर तिच्या समोर, डोळ्याला डोळा येईल असं बसा. ती जे करते तेच तुम्ही करा: तिनं बोळकं आपटलं तर तुम्हीही आपटा आणि थांबा. "हे काय? रंग कोणता? म्हण, म्हण" अशी प्रश्नांची सरबत्ती बंद करा, त्याऐवजी एक-दोन शब्द बोला, "पाणी... ओतलं". दोन वस्तू समोर धरून 'हे का हे?' विचारा, आणि नजर, आवाज, बोट यांपैकी काहीही आलं की लगेच द्या. ओळ लावत असेल तर ओळ मोडू नका, पुढची बांगडी तिच्या हातात देणारं माणूस व्हा. दोन वर्षांखाली मोबाईल-टीव्ही बंदच, त्यापुढं दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मोबाईल बंद केल्यावर पंधरा दिवसांत पोर बरीच खुलली तरी ठरलेली तपासणी रद्द करू नका. त्या खुललेल्या दिवसांचेही व्हिडिओ काढा आणि तेही डॉक्टरांना दाखवा.